ब्रेकच्या पितळी ठोकळ्यात काय असतं आणि तुमच्या गाडीला त्यातलं काय लागतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्या जीपच्या चासीवर तुम्ही घरच्या शेडमध्ये दोन सीटची उघडी गाडी बांधताय. पुढे डिस्क बसवल्या आहेत. मागे एका मालवाहू पिकअपचा अ‍ॅक्सल ड्रमसकट घेतलाय. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा, दोन आउटलेटचा आहे, पण जुन्या जीपच्या पद्धतीने पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली लटकवलाय. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिलं पेडल खोल जातं आणि दुसऱ्या दाबाला वर येतं. आवारात ओल्या जमिनीवर जरा जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात. कुणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही अमेरिकन गाड्यांना लागतो तो पितळी कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह मागवलाय, आणि तो कुठे जोडायचा हे विचारताय.

तो सध्या खोक्यातच राहू द्या. तुमच्या पहिल्या तक्रारीला व्हॉल्व्ह लागतो, पण तो या ठोकळ्यात नसतो. दुसऱ्या तक्रारीचं मूळ व्हॉल्व्हमध्ये नाही, मागच्या ड्रममध्ये आहे. दोन्ही नीट सांगतो, कारण पंचवीसेक वर्षं जुन्या जीप उघडून बांधताना सगळ्यात जास्त गोंधळ मी याच जागी पाहिलाय आणि एकदा स्वतःही केलाय.

आधी सकाळचं खोल पेडल. पेडल खोल जाण्याची तीन कारणं असतात, आणि ती कधी घडतं त्यावरून ओळखता येतात. प्रत्येक वेळी, दहा सेकंद पाय काढून परत दाबलं तरी खोल जात असेल, तर मागचे लायनर ड्रमपासून लांब आहेत. अ‍ॅडजस्टर फिरवून घ्या, प्रश्न संपतो. खराब रस्त्यावरून किंवा वळणावळणाच्या रस्त्यावरून चालवल्यावर पहिला दाब खोल जात असेल, तर डिस्क डुगडुगते आहे किंवा हबचं बेअरिंग सैल आहे, आणि ती डुगडुग पॅडना मागे ढकलते. डायल गेज लावून बघा. डिस्कची फिरताना होणारी हालचाल ०.१ मिमीच्या आत हवी. आणि फक्त तासन्‌तास उभं राहिल्यावर, एकच दाब खोल, पुढचे सगळे छान, असं असेल तर ब्रेक ऑइल कॅलिपरमधून, म्हणजे पॅडनी डिस्क पकडणाऱ्या भागातून, मास्टरकडे उतरतंय. तुमचं हे तिसरं आहे.

हे का होतं ते बघा. कॅलिपरच्या पिस्टनला स्प्रिंग नसते. त्याला मागे घेणारी एकच गोष्ट म्हणजे चौकोनी काटछेदाचं रबर सील. दाब आला की सील किंचित मुरडतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. बोनेटखाली, उंचावर मास्टर असलेल्या गाडीत ऑइलचं वजन कॅलिपरच्या बाजूनेच असतं, म्हणून काही बिघडत नाही. तुमच्याकडे मास्टर कॅलिपरच्या खाली आहे. पाय उचलल्यावर मास्टरमधलं बारीक भोक, ज्याला कॉम्पेन्सेटिंग पोर्ट म्हणतात, ते उघडं राहतं आणि टाकीला थेट वाट मिळते. रात्रभर ऑइल त्या वाटेने हळूहळू उतरतं आणि पिस्टन आणखी मागे सरकतात. सकाळचा पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच जातो.

यावरचा इलाज म्हणजे रेसिड्युअल प्रेशर व्हॉल्व्ह. बोटभर लांबीचा असतो. आत एक स्प्रिंग आणि एक छोटी झडप. जाताना ऑइल मोकळं जातं, परत येताना ठरावीक दाब उरला की झडप मिटते. बाजारात दोन प्रकार मिळतात: डिस्कसाठी २ पीएसआयचा आणि ड्रमसाठी १० पीएसआयचा. २ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम १४० ग्रॅम. तुमचा मास्टर कॅलिपरपेक्षा समजा ३० सेंटिमीटर खाली असेल, तर तेवढ्या ऑइलच्या स्तंभाचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम होतो. म्हणजे २ पीएसआय पुरून उरतो. पुढच्या लाइनमध्ये, मास्टरच्या जवळ, दोन चाकांच्या टी-जोडाच्या आधी एकच बसवा. बाण चाकांकडे.

ड्रमला १० पीएसआय का, हेही समजून घ्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही. व्हील सिलिंडरमधले रबर कप ओठांचे असतात. दाब असला की ओठ भिंतीला चिकटतात. पाय झटकन उचलला की लाइनमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि ओठांच्या कडेने हवा आत शिरू शकते. थोडा दाब अडकवून ठेवला की कप भिंतीला धरून राहतात. ड्रममधल्या शूंना (लायनर ज्यांवर बसवलेले असतात त्यांना) परत ओढणाऱ्या स्प्रिंगा दणकट असतात, त्यामुळे एवढ्या दाबाने लायनर घासत नाहीत. अलीकडच्या बऱ्याच व्हील सिलिंडरमध्ये कपांच्या मध्ये पत्र्याच्या टोप्या लावलेली स्प्रिंग असते, तीच ओठ उघडे धरते. तशी स्प्रिंग तुमच्यात असेल तर एरवी १० चा व्हॉल्व्ह लागला नसता. मास्टर खाली असल्यामुळे तुम्ही तो मागच्या लाइनला लावावा असं मी म्हणेन.

आता माझी चूक. फार वर्षांपूर्वी एका जीपला मी पुढे डिस्क बसवल्या आणि मूळचा मास्टर तसाच ठेवला. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीच्या त्या जुन्या मास्टरमध्ये बोअरच्या तळाशी, स्प्रिंगच्या टोकाला, ड्रमची ही झडप कंपनीतूनच बसवलेली असते. मला ते ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. आवारात ब्रेक उत्तम लागले. ताम्हिणी उतरताना अर्ध्या वाटेत जळका वास आला, पेडल स्पंजासारखं झालं आणि शेवटी तळाला टेकलं. गिअर आणि हँडब्रेकवर गाडी कडेला घेतली. डिस्क निळ्या पडल्या होत्या. हिशेब नंतर मांडला. ५४ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २३ चौरस सेंटिमीटर. १० पीएसआयने त्यावर सतत १६ किलोचा दाब राहतो, पाय वर असतानाही. २ पीएसआयने तो सव्वातीन किलोच्या आसपास असतो आणि पॅड अलगद टेकून राहतात, रेटले जात नाहीत. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येते. त्या दिवशी ते उकळलं होतं. तुमचा मास्टर कुठल्या गाडीचा आहे, आत झडप आहे का, हे आउटलेटमध्ये बारीक तार घालून आणि खात्री नसेल तर पूर्ण उघडून बघा.

चाक पकडून राहायला लागलं की लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. पुशरॉड, म्हणजे पेडलचा रेटा मास्टरला देणारा दांडा, आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये एखादा मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर कॉम्पेन्सेटिंग पोर्ट कायम झाकलेला राहतो, ऑइल तापून फुगतं आणि त्याला जायला जागा उरत नाही. जुना रबरी होजही आतून सुजून एकदिशा झडपेसारखा वागतो: पायाच्या ताकदीने ऑइल पुढे जातं, परत येत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. चाक पकडलेलं असताना मास्टरचा पाइप, व्हॉल्व्हच्या पुढे चाकाच्या बाजूला, सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर, पुशरॉड किंवा तिथल्या व्हॉल्व्हचा. नाही सुटलं तर कॅलिपरचं निपल (ज्यातून एअर काढतात ते) उघडा. तिथे पिचकारी उडून चाक सुटलं तर मधला होज बदला. तिथेही नाही सुटलं तर पिस्टन किंवा स्लाइड पिन अडकली आहे.

आता मागची चाकं आधी जाम होण्याकडे येऊ. इथे थोडा हिशेब लागतो, पण तो केल्याशिवाय कुठलाही व्हॉल्व्ह विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रेक लागला की वजन पुढे ढकललं जातं. किती, तर गाडीचं वजन गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. तुमची गाडी १००० किलोची, व्हीलबेस २.३ मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आणि उभी असताना पुढे-मागे निम्मं निम्मं वजन, असं धरू. कोरड्या डांबरावर ०.८ जी ने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) थांबताना सुमारे १९० किलो पुढे जातात: पुढे ६९०, मागे ३१०. ओल्यावर ०.४ जी च मिळाला तर ९५ किलोच पुढे जातात: पुढे ५९५, मागे ४०५.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ओल्या जमिनीवर मागच्या चाकांवर वजन जास्त राहतं. म्हणजे ओल्यावर मागची चाकं उलट जास्त टिकायला हवीत. तरीही तुमची मागची चाकंच आधी थांबतात, याचा अर्थ मागचं ब्रेकिंग थोडंथोडकं नाही, खूपच जास्त आहे. कोरड्यावर जोरात ब्रेक माराल तेव्हा गाडी गर्रकन फिरेल. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ जाते आणि पाय किंचित सैल केला की परत ताब्यात येते. मागची जाम झाली की मागचा भाग पुढे यायला बघतो आणि चांगल्या ड्रायव्हरलाही तो आवरता येत नाही. म्हणून पुढची आधी, हा नियम मोडायचा नाही.

तुमच्या बाबतीत कारण समोरच आहे. पिकअपचे मागचे ड्रम हौदात भरलेल्या मालासाठी बनवलेले असतात. त्या गाडीत चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये एक लिंक आणि व्हॉल्व्ह असतो, गॅरेजमध्ये ज्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की चासी खाली बसते, लिंक दांडा रेटते आणि मागे पूर्ण दाब जातो. गाडी रिकामी असली की दाब कापला जातो. तुम्ही भंगारातून अ‍ॅक्सल आणला, ड्रम आणले, पण त्यांना लगाम घालणारा व्हॉल्व्ह तिथेच राहिला. आता धावत जाऊन तो आणू नका. तो त्या चासीच्या उंचीवर आणि त्या पाट्यांच्या ताठपणावर बेतलेला असतो. तुमच्या हलक्या गाडीत दांड्याचा कोन कुठे ठेवायचा हे ठरवायला काहीच आधार नाही. पाटे उंच केलेल्या जीपमध्ये लिंक तारेने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. ते तर करूच नका.

पहिला उपाय व्हील सिलिंडर लहान करणं. २५.४ मिमीच्या जागी १९.०५ मिमीचं बसवलं तर मागचा जोर ५६ टक्क्यांवर येतो, आणि तो प्रत्येक दाबाला, ओल्यावर-कोरड्यावर सारखाच येतो. तुमच्या बॅकप्लेटला बसणारं लहान बोअरचं सिलिंडर शोधा. पाइपाचे आटे आणि बोल्टांमधलं अंतर जुळलं पाहिजे. त्याआधी ड्रम उघडून लायनरवर डिफरन्शिअलचं ऑइल आलेलं नाही ना, हे बघा. ऑइल लागलेला किंवा गंजट ड्रम झटक्याने पकडतो आणि सगळा हिशेब खोटा पाडतो. पुढचे नवे पॅडही वीस-तीस ब्रेक मारून बसलेले हवेत. कोरे पॅड पुरते पकडत नाहीत आणि मग मागचे उगाच दोषी दिसतात.

मागचं कमी केल्यावर एकूण ब्रेक तुम्हाला कडक वाटेल. वाटायलाच हवा. ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, त्यामुळे ड्रम पायाला मदत करतो. डिस्क करत नाही. तुमचे कॅलिपर ज्या गाडीचे आहेत तिला बहुतेक बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा, असणार. कुठलाही व्हॉल्व्ह दाब कमीच करू शकतो, वाढवणं त्याच्या हातात नाही. दाब येतो पेडल आणि मास्टरमधून. ३० किलोचा पाय आणि ६ ला १ चं पेडल असेल तर पुशरॉडवर १८० किलो येतात. मास्टरचं बोअर १९.०५ मिमी असेल तर लाइनमध्ये चौरस सेंटिमीटरला साधारण ६३ किलोचं प्रेशर मिळतं. बोअर २५.४ असेल तर तेवढ्याच पायाला जेमतेम ३५. मात्र लहान बोअरला पेडल जास्त लांब जातं, म्हणून कॅलिपरला लागेल तेवढं ऑइल पुरतं का, हेही बघावं लागतं. बूस्टर लावणार असाल तर ४ ला १ च्या आसपासचं पेडल चालतं. तेव्हा व्हॅक्यूम होजमधली एकदिशा झडप विसरू नका, आणि डिझेल इंजिन असेल तर व्हॅक्यूम पंप लागेल. बूस्टर पुढे-मागेचं प्रमाण बदलत नाही, दोन्हीकडचा दाब सारखाच वाढवतो.

एवढं झाल्यावर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हची वेळ येते. तो ओल्यावरच्या नाही, कोरड्यावरच्या जोरदार ब्रेकसाठी असतो. एका ठरावीक दाबापर्यंत तो मागे सगळा दाब जाऊ देतो. त्यानंतर मागचा दाब हळू वाढू देतो. समजा तो ठरावीक दाब, म्हणजे वळणबिंदू, ३० किलोवर आहे आणि त्यानंतरचं प्रमाण ०.४. पुढे ६० चं प्रेशर असेल तेव्हा मागे ३० अधिक ३० चे ०.४, म्हणजे ४२ पोचतात. फिरवता येणारा व्हॉल्व्ह घेतलात तर हे लक्षात ठेवा की नॉब फिरवल्यावर वळणबिंदू सरकतो, त्यानंतरचा उतार तोच राहतो. म्हणूनच मूळ प्रमाण चुकलेलं असेल तर नॉबने ते सुधारत नाही. नॉब टोकापर्यंत नेऊनही मागची चाकं आधी थांबत असतील तर परत व्हील सिलिंडरकडे जा. हा व्हॉल्व्ह फक्त मागच्या लाइनमध्ये, मागच्या टी-जोडाच्या आधी बसवायचा. एका लाइनमध्ये असे दोन कधीच नकोत.

आणि याच कारणाने तुमचा पितळी ठोकळा नको. त्यात तीन गोष्टी असतात. एक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, दुसऱ्याच कुठल्या तरी वजनाच्या गाडीसाठी कायमचा ठरवलेला. दुसरा मीटरिंग व्हॉल्व्ह: मागच्या शूंच्या स्प्रिंगा ताणून लायनर ड्रमला टेकेपर्यंत तो पुढच्या डिस्कना क्षणभर थोपवतो. निसरड्या रस्त्यावर हलका पाय ठेवणाऱ्या जड अमेरिकन गाड्यांना त्याचा उपयोग होता. तुमच्या गाडीत मागचंच आधी लागतंय, त्यात पुढच्यांना आणखी थोपवणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिसरा दाबातल्या फरकाचा स्विच: मास्टरच्या दोन भागांपैकी एकाचा दाब गेला की आतला छोटा पिस्टन सरकतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ही कामाची गोष्ट आहे, पण ती वेगळीही मिळते, आणि टाकीतल्या पातळीचा स्विचही बरंच काम करतो. नव्या गाड्यांत हे ठोकळे दिसत नाहीत, कारण एबीएसचं युनिट मागच्या चाकांचा वेग बघून दाब स्वतःच कमी-जास्त करतं.

जोडताना एका गोष्टीने मला दोनदा घाम फोडलाय. एम१० बाय १ आणि ३/८ इंच २४ आट्यांचे नट हातात सारखेच वाटतात. इंची नट ९.५ मिमीचा असतो. मेट्रिक भोकात तो दोन-तीन फेरे जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पूर्ण दाबाला आटे सोडतो. बाहेरून आलेले व्हॉल्व्ह बहुतेक इंची असतात, आपल्या गाड्यांचे मास्टर आणि कॅलिपर मेट्रिक. अ‍ॅडॅप्टर घ्या आणि प्रत्येक नट पूर्ण खोलीपर्यंत हाताने जातो का ते बघा. फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, तेही समोरच्या बैठकीला जुळेल तसाच, दुहेरी किंवा बबल. टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे आटे सील करत नाहीत, फ्लेअर करतो. एसीचा तांब्याचा पाइप वापरू नका, कंपनाने तो कडक होऊन तडकतो.

शेवटची चाचणी. कॅलिपरच्या आणि मागच्या सिलिंडरच्या निपलच्या जागी १६० किलोपर्यंतचे दोन गेज लावा आणि पेडल हळूहळू दाबत दोन्ही आकडे वहीत लिहा. वळणबिंदू तिथे डोळ्यांना दिसतो. पाय काढल्यावर पुढचा काटा जवळपास शून्यावर यायला हवा. मग गेज काढा, एअर काढा, चारही टायरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे पट्टे मारा आणि मोकळ्या बंदिस्त मैदानात ३० च्या वेगाने सरळ ब्रेक मारा. बाहेर उभ्या माणसाने मोबाइलवर मंद गतीने चित्रण करायचं. पट्टा थांबलेला स्पष्ट दिसतो. आधी ओल्यावर, मग कोरड्यावर, मग ५० च्या वेगाने. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावलात तर नॉब मागच्या जास्तीत जास्त कपातीपासून सुरू करून एकेक फेरा सोडत जा. मागची आधी थांबली की दोन फेरे परत, आणि तिथे लॉक नट आवळून टाका. ड्रायव्हरच्या हाताशी तो ठेवू नका. सार्वजनिक रस्त्यावर नेण्याआधी आरटीओत स्पष्ट विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी अशी सहज चालवता येत नाही.

मागच्या व्हील सिलिंडरचं बोअर, मास्टरचं बोअर, पेडलच्या पिनपासून दोन्ही बाजूंची लांबी आणि चारही चाकांचं वजनकाट्यावरचं वजन मोजून कळवा. एवढे आकडे मिळाले तर १९.०५ मिमीचं सिलिंडर पुरेल की त्याहून लहान शोधावं लागेल, हे मी मांडून देतो.